आडपडदा

वर्षातले अकरा महिने तो पत्र्याच्या ट्रंकेत पडून असतो. तळाला मृदंगाच्या खोळी, त्यावर टाळ, घुंगरांचे चाळ, गणपतीचा मुखवटा, संकासुराची उंच काळी टोपी, आणि या सगळ्यांच्या वर घडी घालून ठेवलेला तो. फाल्गुन लागतो, देवाच्या पालखीला रूपं लावायची गडबड सुरू होते आणि कुणीतरी ट्रंकेची कडी काढतं. डांबराच्या गोळ्यांचा वास अंगणभर होतो. आतून बायकांचा आवाज येतो, "काढला वाटतं त्याला."

तो म्हणजे वेळणेश्वरच्या आमच्या वाडीतल्या नमनाचा, शिमग्यातल्या आमच्या खेळाचा, पडदा.

पडदा म्हटल्यावर परळच्या दामोदर नाट्यगृहातला, दोरीनं सरकणारा पडदा डोळ्यांपुढे आणू नका. हा मूळचं माझ्या आजीचं लुगडं. अर्ध्यातून फाडलेलं, पोपटी, तांबड्या काठाचं. पोपटी रंग आता फक्त शिवणीच्या आत उरलाय, बाहेरून त्याला शेवाळ धरलेल्या चिऱ्याची कळा आली आहे. वरच्या काठाला दोन दोऱ्यांची शिवण आहे. काळा दोरा आजीचा. तो जिथं झिजला तिथून पुढे पांढरा, तो आईचा. एका कोपऱ्यात बशीएवढा हळदीचा डाग. आणि मधोमध, जरा डावीकडे, विडीच्या ठिणगीनं पडलेलं एक भोक. शेंगदाणा जाईल एवढं. ते आजवर कुणी शिवलेलं नाही. का, ते पुढे सांगतो.

त्याला कड्या नाहीत, दांडी नाही. दोन माणसं दोन टोकं धरून उभी राहतात, एवढीच त्याची टांगणी. डोक्याच्या उंचीवर धरला की तो गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबतो. लुगड्याचा पन्हाच तेवढा. त्यामुळे त्याच्याखालून मागे उभ्या राहिलेल्या सोंगाचे पाय दिसतात. गणपती यायचा असला की चाळ बांधलेले पाय दिसतात, गवळणी यायच्या असल्या की साडीचे घोळ आणि त्याखाली शेतात राबलेल्या पुरुषांच्या भेगाळलेल्या टाचा. समोर बसलेल्या लहान पोरालाही कळतं की मागे कोण आहे. तरी पडदा बाजूला होतो तेव्हा सगळं अंगण दचकतं आणि हात जोडतं.

त्याचा हा स्वभाव मला फार उशिरा उमगला. तो लपवत नाही, अर्धं दाखवतो.

मी मुंबईत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गात दरवर्षी उपरोध यायचा. फळ्यावर व्याख्या लिहायचो: बोललेलं एक आणि अभिप्रेत दुसरं, दिसतं एक आणि घडतं उलटं. मुलं उतरवून घ्यायची. उपरोधाचे प्रकार विचारले की तीन नावं लिहायची आणि गुण मिळवायची. पण त्या तिघांचं एकमेकांशी नातं काय, हे ना त्यांना सांगता यायचं, ना मला. बोलण्यातला उपरोध, नाटकातला उपरोध आणि नशिबाचा फेरा, या तीन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव का? निवृत्त होऊन गावी आलो, नमनाला उभा राहिलो आणि उत्तर या लुगड्यानं दिलं. तिन्हीकडे हाच असतो. फक्त तो कुणाच्या आणि कुणाच्या मधे धरलाय, ते बदलतं.

बोलण्यातला आधी सांगतो, कारण तो आमच्या मातीतला आहे.

वेळणेश्वर या नावाची एक कथा गावात सांगतात. नवसाला पावायला वेळ न लावणारा, म्हणून हा वेळणेश्वर. समुद्राला लागून देऊळ, माडांची रांग, महाशिवरात्रीला गर्दी. गाडगीळ आडनावाची कितीतरी घराणी कुलदैवत म्हणून इथं येतात. अशा वेळ न लावणाऱ्या देवाच्या गावात मी एकदा सलग तीन शिमगे चुकवून चौथ्याला आलो होतो. आजी पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आलास? लवकर आलास हो!"

एवढंच. पुढे काही नाही. सुपातला हात थांबला नाही, पण तांदळातले खडे बाजूला काढणारी ती बोटं खड्यांऐवजी तांदूळच बाजूला काढत होती. मी ते पाहिलं. ते पाहिलं म्हणून मला कळलं की "लवकर" या शब्दाच्या मागे तीन वर्षं उभी आहेत.

हेच ते पडद्याखालचे पाय. बोलण्यातल्या उपरोधात पडदा शब्द आणि अर्थ यांच्या मधे धरलेला असतो, आणि तो जमिनीपर्यंत पोचता कामा नये. पोचला तर ते खोटं बोलणं झालं. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, मागचं काही दिसू नये. उपरोधानं बोलणाऱ्याला वाटतं, दिसावं, पण ज्याला खाली वाकून पाहायची तसदी घ्यावीशी वाटेल त्यालाच. आजीला मी वाकून पाहायला हवा होतो.

आपल्या अलंकारशास्त्रानं यासाठी फार बारीक नावं करून ठेवली आहेत. वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा त्याच्या उलट, म्हणजे व्याजस्तुती. बोलणं वाकडं वळवून भलताच अर्थ काढणं म्हणजे वक्रोक्ती. कुंतकानं तर वक्रोक्तीलाच काव्याचा प्राण म्हटलं. ही नावं मी मुलांकडून पाठ करून घेतली आणि ती पाठच राहिली. शिवराम महादेव परांजप्यांचं उदाहरण दिलं की मात्र वर्ग जागा व्हायचा. महाडचे परांजपे. 1898 मध्ये त्यांनी 'काळ' साप्ताहिक सुरू केलं. राज्य इंग्रजांचं, सरळ लिहिण्याची सोय नाही. मग त्यांनी वक्रोक्तीचा पडदा धरला. वरून राज्याचं गुणगान, खालून पाय दिसताहेत, आणि सगळा महाराष्ट्र ते पाय ओळखतोय. 1908 मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. मी मुलांना विचारायचो, स्तुती करणाऱ्याला शिक्षा करायची तर सरकारला आधी काय कबूल करावं लागतं? ही स्तुती खरी नाही, हे. म्हणजे आपलं कौतुक करण्यासारखं काही नाही हे आपल्यालाच ठाऊक आहे, हे. एवढी ताकद शब्दांमधल्या त्या दोन हातांच्या पडद्यात असते.

रत्नागिरीकडच्या बोलण्याचा तिरकसपणा पु. लं.च्या अंतू बर्व्यानं महाराष्ट्रभर नेला. 'व्यक्ती आणि वल्ली'ला 1965 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याला आता साठ वर्षं झाली. या साठ वर्षांत अंतूच्या धाटणीचं बोलणारे खूप झाले. त्यांतल्या पुष्कळांचं बोलणं मला ऐकवत नाही, कारण त्यांनी फक्त पडदा उचलला, मागे कुणी उभंच केलेलं नाही. अंतूच्या मागे एकटेपणा होता, ओसरीवरची गरिबी होती. ती वजा केली की उरतो तो नुसता खवचटपणा, आणि त्यानं माणसं दुखावण्यापलीकडे काही होत नाही.

आता दुसरा. यासाठी मला एका रात्रीकडे जावं लागेल.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. नमन झालं, गण झाला, गवळण झाली. रात्र अर्ध्याच्या वर गेली होती आणि वगात हरिश्चंद्र लागला होता. राज्य विश्वामित्राला दिलं, काशीला जाऊन बायको-मुलगा विकले, स्वतः डोंबाघरी राबायला राहिला. फुलं तोडताना रोहिदासाला साप चावला. तारामती त्याला रात्री मसणात घेऊन येते आणि तिथला राखणदार तिच्याकडे कर मागतो. अंधार आहे. तो तिला ओळखत नाही. ती त्याला ओळखत नाही.

तारामतीचं काम माझे थोरले काका करत. रोहिदास माझा चुलतभाऊ. वरून घालायला पांढरं कापड आणायचं कुणीतरी विसरलं होतं, म्हणून ऐन वेळी हाच पडदा रोहिदासाच्या अंगावर घातला गेला. संध्याकाळी ज्याच्यामागून गणपती आला, त्याचंच आता कफन झालं. भाऊ वयाच्या मानानं उंच, लुगड्याचा पन्हा तोकडा. त्याचे पाय बाहेर राहिले. गॅसबत्तीच्या उजेडात ते दोन पाय मी पाहत होतो. अंगठ्यावर एक मुंगळा चढला. अंगठा हलला. सगळ्या अंगणानं पाहिलं. कुणीही हसलं नाही.

राखणदार म्हणाला, कर दिल्याशिवाय जाळता येणार नाही. तारामती म्हणाली, माझ्याकडे काही नाही. आणि माझ्या शेजारून आजी ओरडली, "अरं, तुजाच पोर हाय त्यो! बग की खाली!"

तिला कथा ठाऊक नव्हती असं नाही. वाडीत हरिश्चंद्र कितीदा तरी झाला होता, आणि प्रत्येक खेपेला त्याच जागी ती तशीच ओरडायची. शेवटी देव येणार, मुलगा उठणार, राज्य परत मिळणार, हे सगळं तिला माहीत होतं. समोर मेलेला तिचाच नातू आहे आणि तो सकाळी न्याहारी मागणार आहे, हेही माहीत होतं. अंगावरचं लुगडंसुद्धा तिचंच. तरी तिला राहवायचं नाही.

नाटकातल्या उपरोधाची याहून स्वच्छ व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. इथं पडदा पात्राच्या डोळ्यांपुढे धरलेला असतो आणि आपण बसलेलो असतो त्याच्या पलीकडे, जिथून सगळं दिसतं. आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. आपण ओरडलो तरी त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. लोक समजतात की गोष्टीत पुढे काय होणार हे कळलं की मजा गेली. आजीला विचारा. कळलेलं असतं म्हणूनच जीव टांगणीला लागतो. अथेन्सच्या लोकांना इडिपसची कथा घरातून निघतानाच माहीत असायची. सोफोक्लिसनं तेच हेरलं. राजा खुन्याला शोधून काढायची प्रतिज्ञा करतो आणि सगळं प्रेक्षागृह जाणतं की तो शोधतोय तो स्वतःलाच.

आणि हे नेहमी रडवतंच असं नाही. 'संगीत सौभद्र' 1882 मध्ये रंगभूमीवर आलं, आजही लोक जातात. यतीच्या वेषात अर्जुन आलाय हे आपल्याला ठाऊक, कृष्णाला ठाऊक. बलरामाला नाही. आणि त्या यतीच्या सेवेला सुभद्रेला नेमतो कोण, तर ज्याला तिचं लग्न दुर्योधनाशी लावायचं आहे तो बलरामच. त्या नाटकात पडद्याची दोन्ही टोकं कृष्णाच्या हातात आहेत. 'संशयकल्लोळ'मध्ये एका तसबिरीनं तेच काम केलं. तसबीर कुणाकडून कुणाकडे गेली ते आपण पाहिलेलं असतं, फाल्गुनराव-कृत्तिकेनं नाही. मसणातला हरिश्चंद्र आणि संशयानं पेटलेला फाल्गुनराव, दोघांच्या डोळ्यांपुढे एकच लुगडं.

तिसरा पडदा असा की तो कुणी धरलाय हे दिसतच नाही. बोलणाऱ्याला माहीत नाही, ऐकणाऱ्याला नाही, समोर बसलेल्यालाही नाही. तो सुटतो तेव्हा सगळेच एकदम पाहतात.

इथं एक गफलत फार होते. वाईट झालं, अनपेक्षित झालं, की लोक म्हणतात दैवाचा उपरोध. तसं नाही. नमनाच्या रात्री पाऊस पडला तर ते दुर्दैव. उपरोध तेव्हा, जेव्हा माणूस जे टाळायला धावतो ते त्याच्या धावण्यानंच जवळ येतं, किंवा जे मिळवायला बांधतो ते त्या बांधण्यामुळेच हातचं जातं. आमच्या गवळणीतल्या कृष्णाचीच गोष्ट घ्या. आठवा मुलगा मारील या भयानं कंसानं बहिणीला बंदीत टाकलं. टाकलं नसतं तर मुलगा गोकुळात गेला नसता, कंसाच्या नजरेआड वाढला नसता. आपला काळ कंसानं स्वतःच जपून ठेवायला लावला.

आणि पुराणापर्यंत तरी कशाला जायचं? आमच्याच गुहागर तालुक्यात, उत्तरेला अंजनवेलजवळ, एन्रॉनचा वीज प्रकल्प उभा राहिला. नाव दाभोळचं, आणि दाभोळ खाडीपलीकडे दापोली तालुक्यात. महाराष्ट्राला विजेची भूक आहे, म्हणून परदेशातून पैसा आणि यंत्रं आणून हा प्रकल्प बांधला. 1999 मध्ये पहिल्या टप्प्याची वीज निघाली, आणि ती इतकी महाग पडली की 2001 मध्ये वीज मंडळानं घेणं थांबवलं. प्रकल्प बंद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. 2005 मध्ये महाराष्ट्राची गावंच्या गावं भारनियमनात तासन् तास अंधारात बसली होती, आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज प्रकल्पांपैकी एक आमच्या किनाऱ्यावर थंड उभा होता. त्या वर्षी तो चालवायला रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली. या गोष्टीत माणसांचे चांगले-वाईट हेतू पुष्कळ होते, त्यांवर ग्रंथ निघाले आहेत. मला दिसतो तो मधला पडदा. विजेसाठी बांधलेलं घर आणि घराघरांतला अंधार, यांच्या मधे धरलेला. सुटल्यावर जो तो म्हणाला, दिसतच होतं की! पाय तेव्हाही दिसत होते. दाराच्या आकड्यांतच दिसत होते. वाकून पाहणारे थोडे होते, आणि ते ओरडलेही होते.

गंगाधर गाडगीळांसारख्या नवकथाकारांनी आणखी एक केलं. त्यांनी पडदा माणसाच्या आतच टांगला. माणूस स्वतःबद्दल काही समजून चाललेला असतो आणि आत काही वेगळंच हलत असतं. तिथं मागचे पाय त्याचे त्यालाच दिसत नाहीत, वाचकाला मात्र दिसतात. हा चौथा म्हणायचा की दुसऱ्याचाच धाकटा भाऊ, ते समीक्षकांनी ठरवावं. मला तो धाकटा भाऊच वाटतो.

आता त्याच्याकडे परत.

गेल्या तीन शिमग्यांपासून पडद्याचं डावं टोक माझ्याकडे आहे. आधी ज्यांच्याकडे होतं त्यांचा खांदा आखडला. मला वाटलं होतं, कापड धरून उभं राहायचं, त्यात काय आहे? पहिल्या रात्री दहाव्या मिनिटाला दंड भरून आले. हात खाली आणायचा नाही. काठ मुठीत घट्ट धरायचा, पण ताणायचा नाही. आईची शिवण जुनी झाली आहे, ताणली की कुरकुरते. समोर बघायचं नाही आणि मागेही बघायचं नाही. पण टोक धरणाऱ्याला दोन्हीकडचं कळतं, त्याला इलाज नाही. उजव्या कानाशी मुखवट्याच्या आतला श्वास ऐकू येतो. दिवसभर रिक्षा चालवून आलेला पोरगा आहे, त्याला मुखवट्यात घाम येतो, तो पुटपुटत पदं आठवत असतो. डाव्या बाजूला अंगण आहे. शाली पांघरलेल्या म्हाताऱ्या, मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी, झोपेला आलेली मुलं. या बाजूला त्या बाजूचा श्वास ऐकू जात नाही. त्या बाजूला या बाजूचे डोळे दिसत नाहीत. गोष्ट सांगणाऱ्यानं उभं राहायची जागा हीच, असं मला तिथं उभं असताना वाटतं, आणि तेहतीस वर्षं मी वर्गात कुठल्या जागेवरून बोलत होतो, हा विचार मनात येतो.

कापड कधी सोडायचं, ते आमच्या हातात नसतं. मृदंगावर आबा बसतात. त्यांची थाप पडली की सोडायचं, अर्धा क्षण आधी नाही, नंतर नाही. आधी सोडलं तर सोंग अवघडतं, नंतर सोडलं तर अंगण थंड पडतं. म्हणून सगळं लक्ष आबांच्या उजव्या हाताकडे.

यंदा गण चालू होता. झांजा चढत होत्या. माझ्या कमरेजवळ कापड जरासं हललं. वारा नव्हता. खाली पाहिलं तर विडीच्या त्या भोकातून एक बोट आत आलं होतं. लहान, नखावर लाल मेंदी. हे भोक कुणी शिवत नाही ते याचसाठी. मीही याच भोकातून बोट घातलं होतं, माझ्या आधी माझ्या काकांनी. बोट मागे गेलं आणि त्याच्या जागी एक डोळा आला. त्यानं मागच्या पोराला पाहिलं असणार. घामेजलेला गळा, मुखवट्याची सुटत आलेली नाडी, ती बांधणारा दुसऱ्याचा हात, सगळं.

डोळा हलला नाही. आतल्या बाजूनं पोरगा पुटपुटायचा थांबला. आबांचा हात वर गेला.